वेब डेव्हलपमेंटची सुरुवात: खानावळीचे एक पान आणि तीन महिने

प्रश्न थोडक्यात असा: "बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टचे व्हिडिओ पाहून झाले. पाहताना सगळे कळते, पण कोरी फाइल उघडली की हात चालत नाही. सरळ रिअ‍ॅक्टचा क्लास लावू का? आणि साइट मराठीत करायची असेल तर वेगळे काही शिकावे लागते का?"

क्लास आत्ता लावू नका. रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टवर उभारलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे. रिअ‍ॅक्टमध्ये काही बिघडले की ती चूक रिअ‍ॅक्टची, जावास्क्रिप्टची की एचटीएमएलची हे आधी ओळखावे लागते, आणि त्यासाठी खालचे थर हाताखालून गेलेले असावे लागतात. व्हिडिओत सगळे कळते, कारण त्यातल्या चुका कापून टाकलेल्या असतात. शिकवणाऱ्याचा एक कंस राहिला तर तेवढा भाग प्रेक्षकाला दिसतच नाही. तुमचा राहिला की दोन तास जातात, आणि जे काही शिकायचे ते त्या दोन तासांतच शिकले जाते.

म्हणून एकच पान घ्या आणि तेच वाढवत न्या. कॉलेजजवळच्या खानावळीचे घ्या: वर नाव आणि वेळा, मग आठवड्याचा मेनू, दर, दोन-चार फोटो आणि शेवटी खाड्यांचा हिशेब. महिन्यात किती खाडे झाले ते टाकायचे, बिल किती झाले ते पान सांगेल. दिसायला किरकोळ काम आहे, पण मजकूर, तक्ता, चित्रे, फॉर्म, आकडेमोड आणि मोबाइल हे सगळे त्यात येऊन जाते. इन्स्टाग्रामची किंवा एखाद्या खरेदीच्या साइटची नक्कल करायला बसू नका. त्यांचा डोळ्यांना दिसणारा भाग थोडा असतो आणि सर्व्हरवरचा न दिसणारा भाग प्रचंड. पहिल्या वर्षाला त्यात फक्त दमछाक होते.

(पुढे टॅग, प्रॉपर्टी, फंक्शन यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.)

आधी साधने

४ जीबी रॅम पुरते, पण जपून वापरावे लागते. व्हीएस कोड, एक ब्राउझर आणि ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब, इतकेच उघडे ठेवा. व्हीएस कोडमध्ये सुरुवातीला एकच एक्स्टेन्शन टाका: लाइव्ह सर्व्हर. फाइल सेव्ह केली की पान आपोआप ताजे होते. "विद्यार्थ्यांसाठी २० आवश्यक एक्स्टेन्शन" छापाच्या याद्या सोडून द्या. त्या रॅम खातात आणि कोड कोणी लिहिला हेच कळेनासे होते. व्हीएस कोडही जड वाटला तर नोटपॅड प्लस प्लसवर पहिले दोन महिने बिनधास्त निघतात.

विंडोजवर पहिल्याच दिवशी एक सेटिंग बदला: फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून फाइलनेम एक्स्टेन्शन दाखवायला सांगा. ते लपलेले असले की साध्या नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल "इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी" होऊन बसते. ब्राउझर पानाऐवजी कोडच दाखवतो आणि माणूस टॅगमध्ये चूक शोधत राहतो.

फाइलींची नावे पहिल्यापासून इंग्रजी लहान अक्षरांत द्या, मध्ये स्पेस नको, हवे तर आडवी रेघ. कारण पुढे कळते. विंडोजला कॅपिटल आणि लहान अक्षरांतली नावे एकच वाटतात, तर बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात. फोटोच्या फाइलचे जेपीजी कॅपिटलमध्ये आणि कोडमध्ये लहान लिपीत, असे झाले तर लॅपटॉपवर थाळी दिसते, अपलोड केल्यावर ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही. त्याच जातीची आणखी एक चूक म्हणजे फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू करून देणे. तो पत्ता तुमच्या लॅपटॉपबाहेर कुठेच अस्तित्वात नसतो. फोटो प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि पत्ता तिथून पुढचा द्या.

एचटीएमएल: ब्राउझर चूक सांगत नाही, सावरून घेतो

व्हीएस कोडमध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबले की पानाचा सांगाडा आपोआप येतो. पण पहिल्या पाच वेळा तो हाताने टाइप करा, कारण त्यातली प्रत्येक ओळ काहीतरी काम करते.

पहिली ओळ डॉकटाइप. ती विसरली तर ब्राउझर "क्वर्क्स मोड"मध्ये जातो, म्हणजे नव्वदच्या दशकातली पाने मोडू नयेत म्हणून जपून ठेवलेल्या जुन्या नियमांनी पान मांडतो. मग वाचलेले नियम आणि पडद्यावरचे चित्र यांचा मेळ बसत नाही. मग एचटीएमएल टॅगवर लँगची किंमत "एमआर". आयत्या सांगाड्यात इथे इंग्रजी असते आणि बहुतेक जण ती तशीच सोडतात. तशी सोडली तर अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो. शिवाय ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात, तो फॉन्ट ही अक्षरे भाषेची खूण पाहूनच निवडतो. खूण नसली की हिंदी वळणाची येतात.

त्यानंतर हेडच्या आत अगदी सुरुवातीला मेटा चारसेट यूटीएफ-८, म्हणजे अक्षरे बाइटांत कशी साठवली आहेत ते सांगणारी ओळ. ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत असावी असा नियम आहे, म्हणून ती वरच ठेवतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ब्राउझरने भलतीच संकेतप्रणाली धरली तर त्या ३ बाइटांची ३ वेगळी चिन्हे होतात आणि "मटकी"च्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची लांबच लांब माळ येते. ओळ लिहूनही तसेच दिसत असेल तर फाइलच दुसऱ्या प्रणालीत सेव्ह झाली आहे का ते व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे बघा.

इथे मराठीपुरता एक खड्डा आहे. खानावळवाल्याने मेनूकार्ड छापून घेतलेल्या डीटीपीवाल्याकडून फाइल आणली, तर ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असण्याची शक्यता बरीच. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणारे मानक) नसतो. पानात पेस्ट केले की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. चारसेटने ते सुधारत नाही. कन्व्हर्टरमधून काढून मग रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा, नाहीतर एका पानाचा मेनू नव्याने टाइप करणे लवकर होते.

चौथी महत्त्वाची ओळ व्ह्यूपोर्टची. ती नसली की मोबाइलचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असे समजून मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. अक्षरे मुंगीएवढी होतात, आणि नवखा माणूस फॉन्ट वाढवत बसतो.

आता बॉडी. एच-वन एकच, खानावळीचे नाव. मेनू, दर, हिशेब हे एच-टू. मथळ्याची पातळी अक्षरांच्या आकारावरून निवडू नका, आकार सीएसएसमध्ये बदलतो. आठवड्याचा मेनू हा खरोखरच तक्ता आहे, तिथे टेबल वापरा. वारांच्या आणि वेळांच्या खणांना टीडी (साधा खण) नको, टीएच (मथळ्याचा खण) द्या. पण पानाची मांडणी करायला टेबल वापरू नका, ती पद्धत केव्हाच मागे पडली.

एचटीएमएलची खरी अडचण म्हणजे ब्राउझर त्यातल्या चुका दाखवतच नाही. टॅग बंद करायचा राहिला तर तो अंदाजाने कुठेतरी बंद करून टाकतो. पी टॅगच्या आत यूएल ठेवलात तर यूएल सुरू होताच तो पी आधीच बंद करतो, आणि तुम्ही पी ला दिलेला रंग यादीला का लागत नाही हे कोडे होते. म्हणून दोन खिडक्यांतला फरक समजून घ्या. कंट्रोल-यू दाबले की तुम्ही लिहिलेला मजकूर दिसतो. एफ-१२ दाबून एलिमेंट्समध्ये गेलात की ब्राउझरने त्यातून काय उभे केले ते झाड दिसते. दोन्ही जुळत नसतील तिथे चूक. डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमध्ये पान घातले की ओळ क्रमांकासह यादी मिळते. पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा घाला, कारण पुढच्या दहा बहुधा तिच्याचमुळे आलेल्या असतात.

फोनने काढलेला थाळीचा फोटो सहज ४००० पिक्सेल रुंद आणि ३-४ एमबीचा असतो. पानावर तो ४०० पिक्सेलांत दाखवलात तरी ग्राहकाचा डेटा पूर्ण ३-४ एमबीचाच जातो. आधी १२०० पिक्सेल रुंद करून वेबपी किंवा जेपीजीमध्ये सेव्ह करा, बहुतेकदा २०० केबीच्या आत बसतो. इमेज टॅगवर विड्थ आणि हाइट लिहा. नाही लिहिली तर फोटो उतरला की खालचा मजकूर एकदम खाली सरकतो आणि वाचणाऱ्याचे बोट भलत्याच ठिकाणी पडते. ऑल्टमध्ये "फोटो १" नको. "भाकरी, पिठले आणि ठेच्याची थाळी" असे लिहा.

सीएसएस: डबा आधी, रंग नंतर

सीएसएसमध्ये विद्यार्थी रंग आणि सावल्यांपासून सुरुवात करतात आणि मांडणीपाशी अडतात. उलट करा. पानावरची प्रत्येक गोष्ट हा एक चौकोनी डबा आहे: आत मजकूर, त्याभोवती पॅडिंग, मग बॉर्डर, बाहेर मार्जिन. विड्थ २०० पिक्सेल दिली, पॅडिंग २० आणि बॉर्डर २, तर डबा २४४ पिक्सेल जागा घेतो, कारण विड्थ फक्त आतल्या मजकुराची धरली जाते. दरांचे तीन डबे प्रत्येकी ३३.३३ टक्के करून शेजारी ठेवले आणि पॅडिंग दिले की तिसरा खालच्या ओळीत जातो, तो यामुळेच. फाइलच्या सुरुवातीला सगळ्या घटकांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स द्या, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर विड्थमध्येच धरले जातील.

मार्जिनचाही एक चमत्कारिक नियम आहे. वरच्या परिच्छेदाला खाली ३० आणि खालच्याला वर २० दिले, तर मधले अंतर ५० होत नाही, ३० होते. मोठे ते राहते. फ्लेक्स किंवा ग्रिडच्या आत मात्र दोन्ही मार्जिनांची बेरीज होते. तिथे मार्जिनपेक्षा गॅप वापरलेला बरा.

मांडणीसाठी फ्लोट शिकत बसू नका. एका ओळीतल्या किंवा एका रांगेतल्या गोष्टींना फ्लेक्सबॉक्स, आडव्या-उभ्या जाळीला ग्रिड. ग्रिड २०१७पासून मोठ्या ब्राउझरांत चालतो, जुन्या फोनची काळजी नको. दरांच्या डब्यांसाठी ग्रिडच्या कॉलमांना रिपीटमध्ये ऑटो-फिट आणि मिनमॅक्स २२० पिक्सेल ते १ एफआर असे दिले की रुंद पडद्यावर तीन, मोबाइलवर एक, मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम) न लिहिता. ही एक ओळ समजून घ्यायला एक अख्खी संध्याकाळ द्या: ब्राउझरची खिडकी हाताने लहान-मोठी करत २२०चे १५० करा, ३०० करा, काय होते ते बघा.

दिलेला रंग लागत नसेल तर अंदाजाने इम्पॉर्टंट टाकू नका. एलिमेंट्समध्ये त्या घटकावर क्लिक करा. उजवीकडे नियम दिसतात. ओळीवर काट असेल तर दुसरा नियम वरचढ ठरला आहे. आयडीचा नियम क्लासला हरवतो, क्लासचा साध्या टॅगला. ओळीशेजारी पिवळा त्रिकोण असेल तर लिहिण्यातच चूक आहे. नियम दिसतच नसेल तर क्लासच्या नावात फरक आहे किंवा फाइलच जोडलेली नाही. अर्धविराम विसरला तर ती ओळ आणि तिच्या खालची, दोन्ही बाद होतात, म्हणून "बरोबर" दिसणारी ओळ चालत नसेल तर तिच्या वरची बघा.

तुमच्या मराठीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सीएसएसमध्ये आहे. बहुतेक नमुने रोमन अक्षरांसाठी बेतलेले असतात. लाइन-हाइट १.२ ला इंग्रजी मथळा छान दिसतो, पण देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरे असतात, ती एकमेकांना टेकतात. मजकुराला १.६ ते १.८, मथळ्याला निदान १.४ ठेवा. ठरावीक उंचीच्या बटणाला ओव्हरफ्लो हिडन दिले की वरची मात्रा कापली जाते. उंची देऊच नका, पॅडिंग द्या. लेटर-स्पेसिंगला हात लावू नका, शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे दिसतात. इटॅलिकही टाळा. देवनागरी फॉन्टांत खरे तिरके वळण क्वचितच असते, ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून तिरपे करतो. ठळक करा किंवा रंग बदला. फॉन्ट म्हणून मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत. वजने मात्र दोनच उतरवा, साधे आणि ठळक. मुक्ताची सातही वजने उतरवली तर पानापेक्षा फॉन्ट जड होतो.

मोबाइलवर सात वारांचा तक्ता मावत नाही. त्याला एका डिव्हमध्ये घालून त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे तक्ताच आडवा सरकेल, पान नाही. एफ-१२ची खिडकी उघडी असताना कंट्रोल-शिफ्ट-एमने ब्राउझरमध्ये मोबाइलचा आकार दिसतो, पण एकदा तरी खऱ्या फोनवर, दुपारच्या उन्हात उघडून बघा. फिकट करडी अक्षरे तिथे नाहीशी होतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ च्या खाली जाऊ देऊ नका. रंग निवडायच्या चौकटीत ब्राउझरच तो आकडा दाखवतो.

जावास्क्रिप्ट: खाड्यांचा हिशेब

इथे सावकाश जा. फॉर्ममध्ये तीन खण: महिन्याचा दर, खाडे, जादा. दर ३००० रुपये आणि महिन्याच्या थाळ्या ६० धरल्या तर एका थाळीचे ५० रुपये. ७ खाडे झाले तर ३५० वजा, बिल २६५०. रविवारच्या फीस्टचे जादा १२० मिळवले की २७७०. हे आधी कागदावर करा. कागदावर न जमलेला हिशेब कोडमध्ये जमत नाही.

लिहायला लागलात की पुढच्या अडचणी साधारण याच क्रमाने येतील.

कन्सोलमध्ये (एफ-१२ मधली चुका दाखवणारी खिडकी) लाल ओळ: नल वर अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर चालत नाही. याचा अर्थ स्क्रिप्ट हेडमध्ये आहे, ती चालली तेव्हा खाली बटण तयारच झाले नव्हते. स्क्रिप्ट टॅगवर डिफर लिहा, म्हणजे पान तयार झाल्यावरच ती चालेल. तरीही तेच आले तर आयडीचे स्पेलिंग बघा.

मग बटण दाबले की पान लुकलुकते आणि उत्तर क्षणभर दिसून नाहीसे होते. फॉर्ममधल्या बटणाला टाइप दिला नाही तर तो सबमिट धरला जातो, फॉर्म पाठवला जातो आणि पान नव्याने उघडते. फॉर्मचा सबमिट इव्हेंट पकडा आणि त्यात प्रिव्हेंट-डिफॉल्ट करा. बटणाच्या क्लिकपेक्षा हे बरे, कारण एंटर दाबणाऱ्यालाही उत्तर मिळते.

मग सगळ्यात फसवी चूक. वजाबाकी बरोबर येते, २६५०. जादाचे १२० मिळवले की उत्तर २६५०१२०. खणातून आलेली प्रत्येक किंमत मजकूर असते, आकडा नसते. वजा, गुणिले, भागिले ही चिन्हे मजकुराचा आकडा करून घेतात, पण अधिक चिन्ह एक बाजू मजकूर असली की जोडून टाकते. तीन क्रिया बरोबर आल्यामुळे चौथीवर संशयच येत नाही. किंमत खणातून काढतानाच नंबर फंक्शनमधून काढा, पुढे कुठे नको. रिकामा खण नंबरमध्ये ० होतो, तेव्हा दर रिकामा सोडलेल्याला बिल ० किंवा नुसते जादाचे दिसेल, आधी तपासा. आणि खाडे ६० पेक्षा जास्त टाकले तर? तेही तपासा. तुलना करताना तीन बरोबर-चिन्हांची सवय लावा.

आता मराठीचे उरलेले अर्धे. फोनचा कीबोर्ड मराठीवर असलेला माणूस ७ देवनागरीत टाइप करेल आणि नंबर फंक्शन त्याला आकडा मानत नाही, "नॅन" परत देते. त्या खणाचा टाइप टेक्स्ट ठेवून इनपुटमोड न्यूमेरिक द्या, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो, आणि हिशेबाआधी देवनागरी अंक बदलून घ्या. युनिकोडमध्ये ० चा क्रमांक २४०६ आणि ९ चा २४१५ आहे. म्हणजे सापडलेल्या प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की आपला आकडा. रेग्युलर एक्स्प्रेशनमधले अंकांचे नेहमीचे लघुरूप देवनागरी अंक पकडत नाही, तिथे ० ते ९ हा पल्ला देवनागरीतच लिहा. उलट दिशेचे काम सोपे आहे: टू-लोकेल-स्ट्रिंगला "एमआर-आयएन" दिले की १२३४५६७ चे १२,३४,५६७ होते, लाख-हजारांच्या आपल्या स्वल्पविरामांसह, देवनागरीत.

अक्षरे मोजतानाही असेच फसायला होते. "मराठी" या शब्दाची लेंग्थ ३ येत नाही, ५ येते, कारण काना आणि वेलांटी वेगळी चिन्हे आहेत. नावाचा खण "१० अक्षरांत" असे लेंग्थवरून बंधन घातलेत तर मराठी नावे अर्ध्यात अडतील. आणि पदार्थांची यादी नुसत्या सॉर्टने लावलीत तर ॲ ने सुरू होणारा शब्द ह नंतर जाऊन बसतो, "कळस" हा "कवच"च्या आधी येतो, कारण सॉर्ट युनिकोडचे क्रमांक बघतो. लोकेल-कंपेअरला मराठी भाषा सांगून लावा.

उत्तर पानावर दाखवताना टेक्स्ट-कंटेंट वापरा. इनर-एचटीएमएलमध्ये लोकांनी टाइप केलेला मजकूर घातला तर त्यात कोणी स्क्रिप्ट दडवून पाठवू शकतो. सुरक्षेचा पहिला धडा एवढाच आहे. मागच्या महिन्याचे खाडे लक्षात ठेवायला लोकल स्टोरेज पुरते, फक्त ते मजकूरच साठवते, म्हणून जेसन (माहिती मजकुरात मांडायची पद्धत) स्ट्रिंगिफाय करून ठेवायचे आणि काढताना पार्स करायचे. मेनू वेगळ्या जेसन फाइलमध्ये नेऊन फेचने (दुसरी फाइल मागवणारे फंक्शन) आणणे ही पुढची पायरी. फाइलवर डबल-क्लिक करून पान उघडले असेल तर ब्राउझर फेच अडवतो. लाइव्ह सर्व्हरने उघडा. आणि फाइल सापडली नाही, ४०४ आला, तरी फेच त्याला अपयश मानत नाही. रिस्पॉन्सचे ओके स्वतः तपासावे लागते.

गिट, आणि पान जगासमोर

गिट म्हणजे कोडच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारे साधन. ते शेवटी शिकतात, पण पहिल्या आठवड्यातच सुरू करा. अ‍ॅड, कमिट, पुश, लॉग, एवढ्या चार आज्ञा पुरतात. ब्रँच नंतर. दिवसाचे काम संपले की एक कमिट (केलेल्या बदलांची नोंद), आणि संदेशात "चेंजेस" नको, काय केले ते. गिटचे काम इंटरनेटवर ठेवणाऱ्या गिटहब या साइटने १३ ऑगस्ट २०२१पासून गिटसाठी साधा पासवर्ड घेणे बंद केले आहे. जुना व्हिडिओ पाहून पासवर्ड टाकत राहिलात तर नकारच येईल. टोकन लागते किंवा ब्राउझरमधून लॉगिन.

पान इंटरनेटवर ठेवायला गिटहब पेजेस ही सोय फुकट आहे. मुख्य पानाचे नाव लहान लिपीत इंडेक्स डॉट एचटीएमएल असावे आणि ते बाहेरच्याच फोल्डरमध्ये असावे, नाहीतर ४०४. सेटिंग केल्यावर काही मिनिटे थांबा. बदल दिसत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर, बऱ्याचदा जुनी सीएसएस फाइल ब्राउझरने धरून ठेवलेली असते. रिपॉझिटरी सार्वजनिक असते, तेव्हा खानावळवाल्याचा खासगी फोन नंबर विचारल्याशिवाय टाकू नका, आणि कुठलीही एपीआय की (दुसऱ्या सेवेची गुप्त किल्ली) तर कधीच नाही. ब्राउझरला पाठवलेल्या कोडमध्ये काहीच गुप्त राहत नाही.

वेळेचे म्हणाल तर रोज दीड तास धरून एचटीएमएलला दोन आठवडे, सीएसएसला चार, जावास्क्रिप्टला सहा. सीएसएसचे दोनात उरकू नका. अडले की एमडीएन उघडा, तिथे प्रत्येक टॅगचे आणि प्रॉपर्टीचे पान आहे. इंग्रजी सोपे आहे आणि उदाहरण तिथल्या तिथे बदलून बघता येते. क्रमाने सराव हवा असेल तर फ्रीकोडकॅम्प. एआयकडून अख्खे पान लिहून घेऊ नका. कन्सोलची लाल ओळ आणि तुमच्या दहा ओळी देऊन "ही चूक का आली" एवढेच विचारा, उत्तर वाचून खिडकी बंद करा आणि दुरुस्ती स्वतः टाइप करा. तशीच चिकटवलीत तर परवा तीच चूक परत येईल.

आता रिअ‍ॅक्ट. खानावळीच्या पानावर खाड्यांचा आकडा बदलला की बिल, उरलेल्या थाळ्या, वरची पट्टी आणि महिन्याचा तक्ता अशा चार ठिकाणी हाताने बदल करावे लागायला लागतील, आणि त्यातले एक विसरल्यामुळे दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे दिसतील. रिअ‍ॅक्ट ज्या अडचणीसाठी आहे ती हीच. ती तुमच्या पानावर आली की क्लासची चौकशी करा, आणि पैसे भरण्याआधी तिथल्या शिकवणाऱ्याला हे पान दाखवून विचारा की इथे स्टेट (खाड्यांसारखी बदलत राहणारी माहिती) कुठे ठेवाल. त्याला पान न उघडताच उत्तर द्यावेसे वाटले तर दुसरा क्लास बघा.